२०२१ मध्ये जीव वाचवणारे स्टिरॉइड साध्या व्हायरल तापात का घेऊ नये?

अमळनेर तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, ६६ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या न्यूमोनियामुळे त्यांना ऑक्सिजन लावावा लागला होता. त्या वेळी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, पोटावर रोज टोचायचे रक्त पातळ करणारे इंजेक्शन आणि घरी सोडताना महिनाभरासाठी रिव्हारोक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी अशा उपचारांवर ते बरे झाले. तो डिस्चार्जचा कागद घरात देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेला आहे, आणि पावसाळ्यात गावात व्हायरलची साथ आली की नाना त्या कागदावरून मेडिकलमधून डेक्साच्या, म्हणजे डेक्सामेथासोनच्या, गोळ्या व इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, आणवून पहिल्याच दिवशी सुरू करतात. ‘याच औषधांनी तेव्हा वाचलो, मग आता ती वाईट कशी झाली?’ या त्यांच्या प्रश्नावर मुलाकडे उत्तर नाही. शिवाय प्रत्येक व्हायरल तापात रक्त घट्ट होते का, डी-डायमर ही रक्ताची तपासणी करावी का आणि घरात ठेवण्यासारखे एखादे जुने, स्वस्त औषध आहे का, हेही त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो. ताप आल्या आल्या स्वतःच्या मनाने डेक्सामेथासोन घेणे नानांसाठी धोक्याचे आहे, आणि तो ताप डेंग्यूचा निघाला तर ॲस्पिरिन त्याहून धोक्याचे आहे. २०२१ मध्ये या औषधांनी त्यांना मदत केली, ही नानांची समजूत मात्र बरोबर आहे आणि ती खोडण्याचे कारण नाही. ती मदत नेमकी आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि शरीराच्या कोणत्या अवस्थेत झाली, एवढेच त्या कागदावर लिहिलेले नसते.

विषाणूचा आजार शरीरात दोन पातळ्यांवर चालतो. सुरुवातीचे काही दिवस विषाणू पेशींमध्ये शिरून आपली संख्या वाढवत असतो, आणि शरीर इंटरफेरॉनसारखी रसायने सोडून व पांढऱ्या पेशी कामाला लावून त्याला रोखत असते. ताप, अंगदुखी, कणकण ही बहुतांशी या झुंजीचीच लक्षणे असतात. बहुतेक लोकांत गोष्ट इथेच संपते. काहींच्या बाबतीत मात्र, आणि कोरोनात साधारणपणे दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी, विषाणूचे प्रमाण उतरणीला लागलेले असतानाही प्रतिकारशक्ती थांबत नाही. इंटरल्युकिन-६ सारखे संदेशवाहक रक्तात वाढत राहतात, फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती सुजतात, त्यांत पाणी झिरपते आणि ऑक्सिजन रक्तात पोहोचेनासा होतो. पहिल्या टप्प्यात रोगी विषाणूमुळे आजारी असतो, तर दुसऱ्या टप्प्यात तो मुख्यतः स्वतःच्याच प्रतिसादामुळे आजारी असतो. स्टिरॉइडचे काम हा प्रतिसाद दाबण्याचे आहे. दुसऱ्या टप्प्यात ते हवे असते. पहिल्या टप्प्यात तोच प्रतिसाद आपले रक्षण करत असतो.

रक्ताच्या गुठळ्यांचा प्रश्न याच सुजेला जोडलेला आहे. निरोगी रक्तवाहिनीचे आतले अस्तर रक्ताला चिकटू देत नाही. सूज त्या अस्तरापर्यंत पोहोचली की ते हा गुण गमावते आणि रक्त गोठवण्याची साखळी सुरू करणारे प्रथिन पृष्ठभागावर येते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू पकडण्यासाठी स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर फेकतात, आणि त्या जाळ्यात प्लेटलेट अडकतात. इंटरल्युकिन-६ च्या सांगण्यावरून यकृत जसे सुजेची खूण असलेले सीआरपी हे प्रथिन तयार करते, तसेच गुठळीचा कच्चा माल असलेले फायब्रिनोजेनही जास्त तयार करते. त्यात रोगी आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळलेला असला, तर पायाच्या शिरांतील प्रवाह मंदावलेला असतोच. जखमेतून जंतू पसरू नयेत म्हणून शरीराने बाळगलेली ही जुनी व्यवस्था आहे. कोरोनात ती फुप्फुसाच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांत आणि कधी पायाच्या मोठ्या शिरांत नको तेवढी पेटली. म्हणूनच गंभीर रोग्याच्या उपचारात सूज आणि गुठळी यांचा विचार एकत्र करावा लागतो.

डेक्सामेथासोन हे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनचे औषध आहे. संधिवात, दमा, ॲलर्जी, मेंदूतील सूज अशा अनेक कारणांसाठी ते वापरले जाते आणि त्याचा दिवसाचा खर्च काही रुपयांत बसतो. कोरोना आल्यावर ते द्यावे की नाही याबद्दल जगभरातल्या डॉक्टरांत मतभेद होते, कारण पूर्वीच्या फ्लू आणि सार्सच्या अनुभवावरून स्टिरॉइडमुळे विषाणू शरीरात जास्त काळ रेंगाळतो अशी रास्त भीती होती. हा वाद मतांनी सुटणारा नव्हता. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या नेतृत्वाखाली ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली. नेहमीच्या सरकारी रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले गेले: २,१०४ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिले, आणि ४,३२१ जणांना फक्त नेहमीचे उपचार दिले. १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरील रोग्यांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ ऑक्सिजन लागलेल्यांत ते २६.२ वरून २३.३ टक्के झाले. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात स्टिरॉइड घेणाऱ्यांपैकी १७.८ टक्के दगावले, तर न घेणाऱ्यांपैकी १४ टक्के. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने पक्का म्हणता येत नाही, पण फायदा नव्हता हे निश्चित, आणि आकड्याचा कल नुकसानीकडे होता.

नानांना उत्तर देण्यासाठी मला यापलीकडे फारसे काही लागत नाही. एकाच चाचणीत, एकाच औषधाने, एकाच मात्रेत ज्याला ऑक्सिजन लागला होता त्याला वाचवले आणि ज्याला लागला नव्हता त्याला काही दिले नाही. एप्रिल २०२१ मध्ये नाना पहिल्या गटात होते. यंदाच्या श्रावणात घरी खाटेवर बसून चहा पीत असलेले, सॅच्युरेशन ९७ असलेले नाना दुसऱ्या गटात आहेत. कपाशीवरची फवारणी कोणत्या अवस्थेत करायची हे खान्देशातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. चुकीच्या वेळी मारलेले तेच औषध मित्रकिडे मारते आणि बोंडअळीला रान मोकळे करून देते, हे त्याने पाहिलेले असते.

मात्रेबाबतही असेच आहे. दुसऱ्या लाटेत ‘थोडे दिले तर थोडा फायदा, जास्त दिले तर जास्त’ या समजुतीने पुष्कळ ठिकाणी मोठ्या मात्रा वापरल्या गेल्या, आणि नातेवाईकांचाही तसा आग्रह असे. पुढे ‘रिकव्हरी’नेच साध्या ऑक्सिजनवर असलेल्या रोग्यांत मोठ्या मात्रेची, म्हणजे रोज २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करणाऱ्या उपचाराची, नेहमीच्या मात्रेशी तुलना केली. मोठ्या मात्रेच्या गटात १९ टक्के मृत्यू झाले आणि नेहमीच्या गटात १२ टक्के. ही चाचणी त्या गटापुरती मध्येच थांबवावी लागली.

त्याच तत्त्वावर संधिवाताची दोन औषधेही उपयोगी ठरली. टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ चा रस्ता अडवते. ‘रिकव्हरी’त ऑक्सिजन कमी झालेल्या आणि सीआरपी ७५ च्या वर असलेल्या रोग्यांत त्याने मृत्यूचे प्रमाण ३५ वरून ३१ टक्क्यांवर आणले. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत याच इंजेक्शनसाठी जळगाव-धुळ्याची माणसे नाशिक, पुणे, मुंबईपर्यंत फोन करत होती. फायदा खरा होता, पण तो निवडक रोग्यांपुरता आणि स्टिरॉइडच्या जोडीने होता. ‘मिळाले तर वाचेल, नाही तर नाही’ इतका मोठा तो कधीच नव्हता. बॅरिसिटिनिब ही गोळी त्यामानाने सोपी आणि स्वस्त पडली. तिच्यामुळे मृत्यू १४ वरून १२ टक्क्यांवर आले.

आता नानांच्या शरीराकडे पाहू. डेक्सामेथासोनचा परिणाम एका गोळीनंतर दीड-दोन दिवस टिकतो. मधुमेही माणसाची सकाळची उपाशीपोटी साखर बरी दिसते आणि दुपारच्या जेवणानंतर ती तीनशेच्या पुढे जाते, त्यामुळे फक्त सकाळी तपासणाऱ्याला काही कळतच नाही. साखर वाढलेली, पांढऱ्या पेशी स्टिरॉइडने मंदावलेल्या, अशा स्थितीत २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने काय केले ते खान्देशातल्या प्रत्येक तालुक्याने पाहिले आहे. गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव येणे, वरचे दात हलू लागणे, डोळ्याभोवती सूज येणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे होती, आणि हा आजार झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक मधुमेही व स्टिरॉइड घेतलेले होते. आपल्याकडे दडून बसलेला क्षयरोग काही दुर्मीळ नाही. वारंवार घेतलेले स्टिरॉइड त्यालाही जागे करू शकते.

शहादा, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर या भागांतील वाचकांसाठी इथे एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रोग्याला स्टिरॉइड दिल्यानंतर, विशेषतः ते एकदम थांबवल्यावर, हाडांच्या तीव्र वेदनांचा झटका उसळू शकतो, आणि या रोग्यांत गुठळ्या होण्याची प्रवृत्ती मुळातच जास्त असते. ज्याच्याकडे सिकलसेलचे पिवळे किंवा लाल कार्ड आहे, त्याने ताप आल्यावर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते त्यांना आधी दाखवावे.

कागद जपून ठेवणारे नाना निदान कोणती गोळी खातात हे त्यांना माहीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना तेही माहीत नसते. आठवडी बाजाराच्या दिवशी तीन-तीन गोळ्यांच्या पुड्या मिळतात. रोगी ती पुडी कनवटीतून काढून टेबलावर उलटी करतो, आणि त्यात एक मोठी पांढरी पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅक, एक रंगीत कॅप्सूल आणि ज्वारीच्या दाण्याहूनही लहान अशी एक गोळी निघते. ‘ती बारीक गोयी खाल्ली की लगेच बरं वाटतं,’ असे तो सांगतो. ती बारीक गोळी बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमची डेक्सा असते. तिने ताप उतरतो, भूक लागते, अंग हलके वाटते, आणि म्हणूनच ती फसवी आहे. ताप नाहीसा झाला तरी आजार आपल्या गतीने पुढे जात असतो. महिनोन्‌महिने अशा पुड्या घेणाऱ्याचा चेहरा गोल होतो, कातडी पातळ होते, आणि शरीराची स्वतःची स्टिरॉइड तयार करणारी ग्रंथी झोपी जाते. अशा माणसाने ती एकदम बंदही करायची नसते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

रक्त पातळ करण्याच्या औषधांची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. नानांना पोटावर टोचलेले इंजेक्शन बहुधा एनॉक्सापॅरिनचे, म्हणजे हेपॅरिनच्या लहान रेणूंच्या प्रकाराचे, असणार. बेंबीपासून दोन बोटे दूर कातडीची चिमूट उचलायची, सुई सरळ आत घालायची, औषध सावकाश सोडायचे आणि नंतर ती जागा चोळायची नाही. चोळले की निळसर डाग पडतो, आणि दुसऱ्या लाटेतल्या कित्येक रोग्यांचे पोट अशा डागांनी भरलेले मी पाहिले आहे. हेपॅरिनचा शोध १९१६ सालचा. ते डुकराच्या आतड्यापासून काढतात, हे कळल्यावर आमच्याकडची काही कुटुंबे थबकतात. त्यांनी संकोच न करता विचारावे, कारण फाँडापॅरिनक्ससारखा पूर्णपणे कृत्रिम पर्याय अनेक रोग्यांना चालू शकतो.

हेपॅरिन किती द्यावे, यावर २०२१ मध्ये तीन आंतरराष्ट्रीय चाचण्यांनी आपली माहिती एकत्र करून उत्तर शोधले, आणि ते उत्तर अनेकांच्या अपेक्षेच्या उलट होते. वॉर्डात असलेल्या, अजून अतिदक्षता विभागाची गरज न पडलेल्या रोग्यांना गुठळी झाल्यावर देतात तेवढी पूर्ण मात्रा दिली, तर व्हेंटिलेटर किंवा तत्सम आधाराशिवाय बरे होऊन जाणाऱ्यांचे प्रमाण ७६.४ वरून ८०.२ टक्के झाले. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र ०.९ वरून १.९ टक्के झाले. जे आधीच अतिदक्षता विभागात होते, त्यांना पूर्ण मात्रेचा काही फायदा झाला नाही, रक्तस्राव तेवढा वाढला. सर्वांत जास्त आजारी माणसाला सर्वांत जास्त औषध हा सरळ हिशेब इथे चुकला. बारीक वाहिन्यांत गुठळ्या आणि सूज एकदा घट्ट रुतून बसली की रक्त पातळ करून ती सोडवता येत नाही, हे त्याचे मला पटणारे स्पष्टीकरण आहे. एनॉक्सापॅरिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे ज्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावल्याची खूण) वाढलेले आहे, आणि जुन्या मधुमेहींत असे पुष्कळ असतात, त्याची मात्रा कमी करावी लागते.

नानांना घरी सोडताना महिनाभर दिलेल्या रिव्हारोक्साबॅनलाही आधार आहे. ब्राझीलमधील एका चाचणीत, रुग्णालयातून सुटलेल्या आणि गुठळीचा धोका जास्त असलेल्या कोरोना रोग्यांना ही १० मिलिग्रॅमची गोळी ३५ दिवस दिल्यावर गुठळ्या व त्यांतून होणाऱ्या मृत्यूंचे एकत्रित प्रमाण ९ वरून ३ टक्क्यांवर आले. चाचणी लहान होती, सुमारे ३२० रोग्यांची. ती मुदत नानांच्या बाबतीत कधीच संपली आहे. दाखल न होता घरीच बरे होणाऱ्या कोरोना रोग्यांत ॲस्पिरिन आणि ॲपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीची अमेरिकेत चाचणी घेतली, तेव्हा कोणत्याही गटात गुठळ्यांचे प्रसंग इतके थोडे घडले की ती अर्ध्यावर थांबवण्यात आली. घरी असलेल्या साध्या रोग्याला ज्या संकटाची भीती घातली जाते, ते त्याच्याकडे सहसा येतच नाही.

ॲस्पिरिनचा निकाल तर अगदीच स्वच्छ आहे. ‘रिकव्हरी’त जवळपास १५,००० दाखल रोग्यांवर रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन तपासले गेले. दोन्ही गटांत मृत्यू १७ टक्केच राहिले. गुठळ्या ५.३ वरून ४.६ टक्के झाल्या आणि मोठे रक्तस्राव १.० वरून १.६ टक्के, म्हणजे एका हाताने जे मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले. इथे एक अपवाद ठळकपणे सांगतो: ज्याला हृदयविकार आहे, विशेषतः ज्याच्या हृदयात गेल्या वर्षभरात स्टेंट बसवला आहे, त्याची इकोस्प्रिन हा वेगळा विषय आहे. ती ताप आला म्हणून स्वतःहून बंद करू नये. प्लेटलेट कमी होत असतील तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

डी-डायमरबद्दल विचारले आहे. गुठळी तयार होऊन विरघळू लागली की तिचे जे तुकडे रक्तात येतात, त्यांची ही मोजणी आहे. पण ती वयानुसार वाढते, कोणत्याही संसर्गात वाढते, गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर, मार लागल्यावरही वाढते. दाखल रोग्यात आजाराची तीव्रता जोखायला तिचा उपयोग आहे. घरी चालत्याफिरत्या माणसात तापाच्या तिसऱ्या दिवशी ती तपासली तर थोडी वाढलेली निघणारच, आणि मग त्या आकड्यावर रक्त पातळ करण्याची गोळी सुरू होते. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखणे, अचानक दम लागणे, छातीत श्वासागणिक टोचणे, खोकल्यातून रक्त येणे, यांपैकी काही नसेल तर नानांनी ही तपासणी करू नये.

आणि आता डेंग्यू, कारण खान्देशात ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात ‘व्हायरल’ म्हणून येणाऱ्या तापांत तो असतोच. डेंग्यूत रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते खरे, पण त्याचा मुख्य परिणाम रक्तातील पाणी वाहिनीबाहेर झिरपण्यात आणि प्लेटलेट घटण्यात होतो. कोरोनातला धोका गोठण्याचा होता, इथला धोका गळण्याचा आणि रक्तस्रावाचा आहे. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही सर्व औषधे प्लेटलेटचे काम अडवतात आणि जठराला इजा करतात, त्यामुळे डेंग्यूची शंका असताना ती वर्ज्य आहेत. तापासाठी पॅरासिटामॉल एवढेच द्यायचे. स्टिरॉइडने पेशी, म्हणजे प्लेटलेट, वाढतात असा आपल्याकडे पक्का समज आहे. व्हिएतनाममध्ये ५ ते २० वर्षे वयाच्या २२५ रोग्यांना ताप आल्यापासून ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन किंवा नुसती दिसायला तशीच गोळी देऊन हे तपासले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात ना गुंतागुंती कमी झाल्या ना पेशी लवकर सावरल्या. तिथेच क्लोरोक्विन आणि लोव्हास्टॅटिन यांचीही डेंग्यूत परीक्षा झाली आणि तीही नापास ठरली.

डेंग्यूतली सर्वांत अवघड वेळ ताप उतरताना येते, साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी. नेमक्या त्याच वेळी पोट दुखू लागणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे, हातपाय गार पडणे, माणूस गळून जाणे ही धोक्याची लक्षणे दिसतात. पहिल्या दिवसापासून डेक्सा चालू असेल तर ताप दुसऱ्याच दिवशी उतरलेला असतो, आणि खरा ताप कधी उतरला असता हे डॉक्टरांना कळायला मार्ग राहत नाही. नानांच्या सवयीतला सर्वांत मोठा धोका मला हाच वाटतो, साखरेपेक्षाही मोठा.

जुन्या औषधांच्या नव्या उपयोगाची एवढी स्तुती ऐकली, तर बाकीच्यांचे काय झाले हेही ऐकायला हवे. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचारी आणि रोग्यांच्या घरच्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवले, आणि जळगावच्या मेडिकलमध्ये संधिवाताच्या नेहमीच्या रोग्यांना ते मिळेनासे झाले; पुढे चाचण्यांत त्याचा काही उपयोग दिसला नाही. ॲझिथ्रोमायसिन, कोल्चिसिन यांचेही दाखल रोग्यांत तेच झाले. जंतांवरील आयव्हरमेक्टिन या औषधाची आशा ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगशाळेत काचपात्रात मिळालेल्या निकालातून निर्माण झाली, पण तिथे वापरलेली तीव्रता नेहमीच्या मात्रेतून माणसाच्या रक्तात मिळणाऱ्या पातळीच्या कितीतरी पट होती. ब्राझीलमधील मोठ्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले, आणि भारतातही सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून आयव्हरमेक्टिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वगळण्यात आले. एक कुतूहलाची बाब म्हणजे आयव्हरमेक्टिनचा थोडाफार फायदा दाखवणाऱ्या चाचण्या मुख्यतः स्ट्राँगिलॉइड्स हा आतड्यातील जंत जास्त असलेल्या प्रदेशांतल्या होत्या. स्टिरॉइड दिल्यावर हा जंत शरीरभर पसरून जीव घेऊ शकतो. तेव्हा त्या ठिकाणी औषध कदाचित आपले मूळचेच काम, जंत मारण्याचे, करत असावे, असा तर्क नंतरच्या विश्लेषणातून पुढे आला.

जुने औषध नव्या आजारात वापरण्याचा फायदा एवढाच की त्याचे दुष्परिणाम माहीत असतात, ते बनवणारे कारखाने तयार असतात आणि किंमत आवाक्यात असते. ते नव्या आजारात चालेल की नाही, हे मात्र पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावे लागते. आजार जवळचा असला तरी उत्तर बदलते. २०२३ मध्ये फ्रान्समधील एका चाचणीत, अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या गंभीर न्यूमोनियाच्या रोग्यांना हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर मृत्यू ११.९ वरून ६.२ टक्क्यांवर आले. पण फ्लूचे रोगी त्या चाचणीतून मुद्दाम बाहेर ठेवले होते. फ्लूच्या न्यूमोनियात निव्वळ फ्लूसाठी म्हणून स्टिरॉइड देऊ नये असाच सल्ला आजही आहे, आणि तिथे ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरील औषध लवकर सुरू करणे महत्त्वाचे असते.

घरात काय ठेवावे, याचे उत्तर त्यामुळे फार साधे आहे: पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, थर्मामीटर, साखर तपासायचे यंत्र आणि चालू बॅटरीचा ऑक्सिमीटर. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम असावे, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नसावी, आणि सावळ्या कातडीवर तो प्रत्यक्षाहून किंचित जास्त आकडा दाखवू शकतो हे ध्यानात ठेवावे. बसून ९६ दिसत असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा पाहावे; आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीनने उतरला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे ऑक्सिजन लागला, तर डेक्सामेथासोनचा विचार तिथले डॉक्टर करतील, आणि तेव्हा नानांनी ‘मला हे नको’ असेही म्हणू नये. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डेंग्यूची एनएस-वन तपासणी करून घ्यावी. नाना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर जेवणखाण नीट चालू असेपर्यंत ते चालू ठेवावे. उलट्या होत असतील किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांना तसे सांगून थांबवावे. दिवसातून दोनदा साखर तपासावी, त्यातली एक दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी.

तो डिस्चार्जचा कागद फाडू नका. त्यावर त्यांना कोणती औषधे चालली, कोणत्या मात्रेत आणि मूत्रपिंडाचे आकडे तेव्हा काय होते हे लिहिलेले आहे, आणि पुढे कधी दाखल व्हावे लागले तर ती माहिती मोलाची आहे. फक्त त्याची एक झेरॉक्स काढून वर लाल शाईने ‘ऑक्सिजनवर असताना दिलेले उपचार, एप्रिल २०२१’ असे लिहा आणि मेडिकलच्या काउंटरवर तो कागद न नेता डॉक्टरांच्या टेबलावर न्या. घरात उरलेल्या डेक्सा आणि रिव्हारोक्साबॅनच्या पट्ट्यांवरची तारीखही एकदा पाहून घ्या. २०२१ मधल्या असतील तर त्यांची मुदत एव्हाना संपलेली असणार.